शून्याचं टोक

१

लग्नानंतर नवऱ्याने कुठे फिरायला नेलं, असं डहाणूच्या मैत्रिणींनी विचारलं की दक्षा खरं तेच सांगायची, "मैदानावर." मैत्रिणींना वाटायचं, लाजतेय. पण गोष्ट तेवढीच होती. तलासरीच्या पुढे, अच्छाडच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत एका शाळेचं मैदान होतं. त्यावर चारशे मीटरची मातीची धावपट्टी बांधून द्यायचं काम उमेशकडे होतं. मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली, तिच्यात एक खाट, गॅसची छोटी शेगडी, रेघा आखायच्या फक्कीची पोती आणि नवरा-बायको.

उमेश सायवनचा. आयटीआयला मोजणी शिकलेला, बोलायला कमी. दक्षा तर त्याहून कमी. अशा दोघांचं लग्न लावल्यावर घरात आवाज कसला होणार, याची सासूला, बायजीला, काळजी होती. पण मध्ये टेप आली आणि दोघांचं जमून गेलं.

टेप स्टीलची, लांब. एकाने शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने लांब जाऊन आकडा वाचायचा. वाऱ्यात हाक पोचत नाही. म्हणून शून्यावरच्या माणसाने टेपला दोन हिसके द्यायचे. म्हणजे बसलो, धरलंय, वाच. दक्षाला ही भाषा फार आवडली. हिच्यात कोणाला 'अहो' म्हणायचं आणि कोणाला 'तू', हा प्रश्नच नव्हता. चारचौघांत ती उमेशला 'अहो' म्हणायची आणि खोलीत 'तू', आणि दिवसातून एकदा तरी दोन्हींची अदलाबदल व्हायची.

मुरुमाच्या पाट्या टाकणाऱ्या बायकांत बुधी म्हणून एक होती. ती उमेशला सोडायची नाही.

"लगीन करून आणलीस न् टेप धरायला लावलीस! पोरीला समुद्र तरी दाखवायचास."

"समुद्र तिच्याच घराजवळ आहे, बुधीबाय."

"मंग तूच ऱ्हायाला जायाचास तिकडं!"

सगळ्या बायका हसल्या. दक्षाही हसली, पदराआड. ती सुखात होती, आणि आपण सुखात आहोत हे तिला तेव्हाच कळत होतं. असं फार वेळा होत नाही.

२

एरवी गप्प असणारा उमेश एका विषयावर मात्र भरभरून बोलायचा. दोन सरळ बाजू, दोन अर्धगोल, मिळून एक फेरी. फेरी चारशेपेक्षा केसभरही कमी भरली तर पट्टी नापास. दोन-चार सेंटीमीटर जास्त भरली तर नियमाला चालतं. म्हणजे माणसाला थोडं जास्त पळवलं तर कोणाची हरकत नाही, कमी पळवलं की सगळ्यांची. दक्षाला वाटलं, हा नियम करणाऱ्याला सून असणार.

लांबी मोजायची तीही आतल्या सिमेंटच्या कडेवर नाही, कडेपासून फूटभर बाहेर. शहाणा माणूस कडेला पाय घासत पळत नाही, म्हणून.

अर्धगोलाची तऱ्हा वेगळी. त्याच्या मध्यावर काँक्रीटचा ठोकळा पुरायचा, ठोकळ्यात खिळा. टेपची कडी खिळ्यात, आणि साडेछत्तीस मीटरवरचं दुसरं टोक हातात घेऊन अख्खा अर्धगोल फिरायचा, जागोजागी खुंट्या मारत. खुंट्यांवरून सिमेंटची कड बांधायची. टेप दर वेळी सारखीच ताणली पाहिजे, म्हणून तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा. डहाणूला बंदरावर मासळी तोलतात तसाच. काटा पाच किलोवर आला की ताण बरोबर. दक्षाने जन्मभर त्या काट्याला बोंबील लटकलेले पाहिले होते. आता ती त्यावर हवा तोलत होती.

हे सगळं केसाच्या हिशोबात करायला कारण होतं. कारणाचं नाव रूपी, दक्षाची नणंद. काळी, सडपातळ, तोंडाळ. ती आठशे मीटर पळायची. मागच्या वर्षी निवड चाचणीत पहिली आली, आणि नंतर ते मैदानच आखूड निघालं. तिची वेळ रद्द झाली. यंदाची चाचणी रविवारी याच मैदानावर होती. आदल्या दिवशी मोजणीचे साहेब येऊन पट्टी तपासणार, पास झाली तरच इथे पळायचं. नाहीतर चाचणी पुढे ढकलणार, आणि वर्ष उलटलं की रूपी तिच्या वयोगटातून बाहेर.

"पाय माझे, चूक त्यांची आणि वेळ कोणाचीच नाय," रूपी चुलीतला कोळसा फुंकावा तशी बोलायची. "वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा. आखूड निघालं तर त्याच्या उरावर पळेन."

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर सांगतेय. परक्याला नुसती शिवी दिली असती."

३

उत्तरेचा अर्धगोल दोघांनी मिळून आखला. उमेश शून्यावर उकिडवा बसायचा, दोन हिसके द्यायचा, दक्षा खुंटी मारायची. दक्षिणेच्या अर्धगोलाच्या दिवशी रोलर आला. रोलरवाला मनमानी करणारा, म्हणून उमेशला त्याच्यामागे राहावं लागलं.

"कडी खिळ्यात अडकवून ठेवतो," तो म्हणाला. "तू तुझी फिर. जमेल?"

जमलं. दुपारभर ती एकटी फिरली. टेप ताणायची, दोन हिसके आले की काटा पाच किलोवर आणायची, साडेछत्तीसवर खुंटी. हात इतका बसला होता की डोकं मोकळं राहिलं होतं. हायवेवरचे ट्रक अच्छाडच्या नाक्याकडे गुरगुरत चालले होते, मैदानापलीकडे भात झोडपून झालेल्या शेतात पेंढा पडला होता. ती मनात रात्रीच्या जेवणात सुका जवळा करावा का, याचा विचार करत होती.

संध्याकाळी चहा पिताना ती उमेशला म्हणाली, "आज हिसके बरे देत होतास. एकदम वेळेवर."

उमेशने कप खाली ठेवला. "मी? मी कुठे होतो तिथे? कडी तर खिळ्यात होती."

दक्षाने चहा संपवला. मग कप धुतला. धुतलेलाच पुन्हा धुतला.

तिचं डोकं बरं चालायचं, आणि ते लगेच कामाला लागलं. वारा. टेप लांब असते, वाऱ्याने थरथरते. किंवा कुत्रं. किंवा रोलरचे हादरे. रोलर पलीकडच्या टोकाला होता, पण जमीन एकच. तिला ही तिन्ही उत्तरं पटली. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. खिळा ओढतो आणि माणूस धरतो, यात फरक असतो. खिळ्याकडून काहीच येत नाही. माणसाकडून येतं. तो सावरतो, पाय बदलतो, श्वास घेतो, आणि ते सगळं काट्याच्या सुईवर दिसतं. दुपारभर सुई श्वास घेत होती.

४

सकाळी ती एकटीच मध्यावर गेली. कडी खिळ्यात नव्हती. खिळ्यापासून चार बोटांवर, ठोकळ्याच्या कडेला, नीट ठेवलेली होती. तिच्यालगतचं वाळकं गवत गोल दाबलं गेलं होतं. उमेश शून्यावर बसला की टेपचं टोक जसजसं फिरतं तसतसा तोही टाचांवर फिरतो, आणि खालचं गवत असंच पिळवटतं. हे गवतही पिळवटलेलं होतं. फक्त गोल लहान होता. उमेशच्या पायाचा नव्हता.

कडी निसटली असेल, दक्षाने स्वतःला सांगितलं. पण पाच किलोच्या ताणात निसटलेली कडी तिच्या अंगावर उडून आली असती. चार बोटं सरकून शहाण्यासारखी बसली नसती.

थोड्या खुंट्या अजून बाकी होत्या. तिने कडी स्वतः खिळ्यात अडकवली, हाताने ओढून पाहिली आणि बाहेर चालत गेली. वळून टेप ताणली. मध्यावर कोणी नव्हतं. ऊन, गवत, ठोकळा.

दोन हिसके आले.

तिने टेप टाकून पळायला हवं होतं. पण सुई पाचवर होती, आकडा बरोबर होता आणि समोरचं कोणी तरी थांबलं होतं. कामावर असलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं दक्षाला कधी जमलं नव्हतं. तिने खुंटी मारली. मग पुढची. मग उरलेल्या सगळ्या. काम संपवून मध्यावर आली तेव्हा कडी पुन्हा खिळ्यापासून चार बोटांवर, नीट ठेवलेली होती.

उमेशला सांगावं असं मनात आलं. पण सांगणार काय? माझ्यासोबत कोणी तरी आहे आणि ते चांगलं काम करतंय, असं? ही काही तक्रार होत नाही.

५

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी उमेशने कड बांधून झालेली सगळी पट्टी स्वतः तपासली. दुपारी तो खोलीत आला आणि फक्कीच्या पोत्यावर मटकन बसला. रूपी दारात बुटाची नाडी बांधत होती, ती तशीच वाकून राहिली.

"दक्षिणेचा गोल खिळ्यावरून जुळत नाही," तो म्हणाला. "एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त."

"म्हणजे आखूड?" रूपीने विचारलं.

"तेच तर. कड बरोबर आहे. सरळ बाजूला जाऊन बरोबर मिळते. फूटभर बाहेरून अख्खी फेरी मोजली, चारशे भरली. खिळाच चुकलाय. काँक्रीट ओलं असताना सरकला असणार, चार बोटं. सगळं त्याच्यावरून मोजतो आपण, पण त्याला कोण मोजतं? मी नाही मोजला." त्याने डोकं धरलं. "पण मग कड बरोबर आली कशी? चुकीच्या खिळ्यावरून बरोबर गोल येतोच कसा?"

दक्षा जवळा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"खिळा उपटून नवा लाव," रूपी म्हणाली.

"उद्या सकाळी साहेब ओलं काँक्रीट बघून काय म्हणतील? वाळू द्या, पुढच्या महिन्यात येतो, म्हणतील. आणि मोजणार ते मध्यावरूनच. खिळ्यात कडी घातली की आकडा चुकला, आणि पट्टी गेली."

नाडीची गाठ रूपीने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. तोंडाळ मुलगी गप्प बसलेली दक्षाला बघवेना.

"शून्याला मी बसते," ती म्हणाली. "कडी हाताने धरेन. खऱ्या मध्यावर."

"पाच किलोचा ताण हाताने? हात कापतो, दक्षा. मिलिमीटरचं काम आहे. आणि खरा मध्य नेमका कुठे, ते तुला काय माहीत?"

"माहीत आहे," दक्षा म्हणाली, आणि जवळ्यातला खडा काढून बाहेर फेकला.

६

मोजणीचे जानीसाहेब वापीकडचे, गोल चेहऱ्याचे, टोपी घालणारे. बरोबर दीपेश नावाचा सहायक, आकडे लिहायला. साहेबांनी पट्टीवर बुटाने दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं, खुश दिसले.

"सरस! आता गोल बघून टाकू. शून्यावर कोण?"

"माझी बायको," उमेश म्हणाला.

"चालेल ने! बेन, एकदम घट्ट पकडजो."

उत्तरेचा गोल सहज पार पडला. मग दक्षा दक्षिणेच्या मध्यावर गेली, बाहेरच्यांना खिळा दिसू नये अशी साडी पसरून बसली. पिळवटलेल्या गवताशेजारी, ठोकळ्याच्या कडेला, तिने कडी धरली. पलीकडून साहेबांनी टेप ताणली आणि तिची बोटं थरथरू लागली. उमेशचं म्हणणं खरं होतं. हात कापत होता. कडी सरकायला लागली.

आणि मग ओझंच गेलं.

कडी तिच्या बोटांत होती, पण तिच्या बोटांनी धरलेली नव्हती. दगडात रुतावी तशी ती स्थिर झाली. टेपला दोन हिसके बसले. ते दक्षाने दिले नव्हते.

"छत्तीस पन्नास!" साहेब ओरडले.

"छत्तीस पन्नास," दीपेशने लिहिलं.

साहेब पुढे सरकले. दक्षाही टाचांवर फिरली, आणि तिच्या डाव्या हाताला गवतही हलकं करकरत फिरलं. त्या बाजूच्या खांद्याला गारवा लागत होता, माठाजवळ बसल्यावर लागतो तसा. एसटीच्या बाकावर शेजारणीला जागा द्यावी तशी ती नकळत थोडी सरकली.

"छत्तीस पन्नास! अरे वा!"

पुन्हा हिसके. पुन्हा तोच आकडा. लांब उभा असलेला उमेश आधी घाबरलेला दिसत होता, मग चकित, मग त्याच्या चेहऱ्यावर बायकोचा जो अभिमान पसरला तो दक्षाला इतक्या लांबून दिसला. तेवढ्यापुरती ती शेजारचा गारवा विसरली.

शेवटची जागा झाली. "पास!" साहेबांनी टोपी काढून हलवली. कडेला उभ्या रूपीने जी किंकाळी फोडली ती हायवेपर्यंत गेली असेल. दीपेश टेप गुंडाळू लागला.

टेप आली नाही.

"वहिनी, सोडा!" तो ओरडला.

दक्षाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

तिने घाईने कडीवर हात ठेवला, लांबून तीच धरून बसल्यासारखी दिसावी म्हणून. टेप ताठ झाली होती. दीपेशने जोर लावला.

"अडकलं का? थांब, मी बघतो," जानीसाहेब म्हणाले आणि गवतातून मध्याकडे चालू लागले. ते इथवर आले तर त्यांना खिळा दिसणार होता, आणि खिळ्यापासून चार बोटांवरची कडी. रूपी अजून उड्या मारत होती.

"झालं काम," दक्षा हळू आवाजात म्हणाली. "सोडा आता. माणसं येतायत."

काही झालं नाही. तेव्हा तिने खाली पाहिलं. आतापर्यंत तिने एवढंच टाळलं होतं.

कडीवर तिच्या बोटांशेजारी एक अंगठा होता. पुढचं काही तिने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि डोळ्यांनी घेतलं नाही. अंगठा बाईचा वाटला. नखाखाली ओली माती होती. आवळून धरल्याने नख पांढरं पडलं होतं, कोणाचंही पडतं तसं.

त्या पकडीत राग नव्हता. दक्षाला ती ओळखीची वाटली. घरी एकटी पडलेली बाई पाहुण्याचा हात निघताना धरते, तशी होती. आणि साहेबांचे बूट आता ऐकू येत होते.

"मी परत येईन," दक्षा म्हणाली. "दर मोजणीला. दुसरं कोणी नाही, मीच बसेन तुमच्याजवळ."

नख हळूहळू गुलाबी झालं. म्हणजे आत रक्त होतं.

टेप सापासारखी सळसळत गेली. तिच्या मागोमाग दक्षा उठली आणि साहेबांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बेन, हात कापला ने?"

"नाही साहेब. मुंग्या आल्या होत्या, बोटं उघडेनात. चला, चहा ठेवते."

७

रविवारी रूपी पळाली.

दक्षा दक्षिणेच्या वळणाशी, कडेच्या आत उभी होती. मुली पहिल्या फेरीत तिच्यासमोरून गेल्या तेव्हा रूपी तिसरी होती. त्याच वेळी दक्षाची नजर मध्याकडे गेली. तिथलं वाळकं गवत एका बाजूला झुकलेलं होतं आणि त्यावर ऊन चमकत होतं. मुली वळणावरून जसजशा पुढे सरकल्या तसतशी ती चमक फिरत गेली, टाचांवर फिरणाऱ्या माणसासारखी सावकाश, त्यांच्याकडे तोंड ठेवून. वारा पडलेला होता. मैदानावरचं बाकी गवत उभं होतं.

दुसऱ्या फेरीत रूपी पहिली आली, आणि दुसरीला तिची धूळच दिसली. घड्याळ लावणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, वेळ जुळवली, जाहीर केली. ही वेळ कोणी रद्द करू शकणार नव्हतं. रूपी भावाच्या गळ्यात पडून रडली, मग त्यालाच दोन गुद्दे घातले, मग वहिनीला उचलून गरगर फिरवलं.

"सोड गं, पडशील!"

"पडू दे! आता पडले तरी चालेल!"

उमेश हसत डोळे पुसत होता. "दर वर्षी मोजायला येणार म्हणालेत जानीसाहेब. उद्याच तो खिळा उपटतो. खड्डा जरा मोठा घेऊन, खऱ्या मध्यावर खोल पुरतो. मग कोणालाही कडी लावून मोजता येईल, तुला बसायला नको."

खऱ्या मध्यावर. तिथेच, ती बसते त्याच जागी, खोल. पहारीचा आवाज दक्षाला आत्ताच ऐकू आला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, चुकलेला खिळा असा ठेवून..."

"नको खणूस. कुठेही असलो तरी मोजणीला मला इथे घेऊन ये. आणशील ना?" चारचौघांत तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. उमेश तिच्याकडे बघत राहिला. या बाईने लग्न झाल्यापासून आपल्याकडे काही मागितलेलं नाही, हे बहुतेक त्याच्या तेव्हाच लक्षात आलं.

"आणीन," तो म्हणाला.

तो आणि रूपी माणसांच्या घोळक्याकडे गेले. दक्षा मागे राहिली. मैदानाच्या या टोकाला आता कोणी पळत नव्हतं, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी मध्यावरचं गवत पुन्हा हललं. चमक सावकाश वळली, रिकामी पट्टी सोडून सरकत आली आणि दक्षाकडे तोंड करून थांबली.

दक्षाने पदर डोक्यावरून ओढला आणि सासरच्या वडीलधाऱ्या बाईसमोर नव्या सुनेने करावा तसा, कमरेत वाकून, नमस्कार केला.